डोळे बसतात, पण नजर येत नाही: जुन्या फोटोंच्या दुरुस्तीतील एक नेहमीची अडचण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि घरातले माणूस गेल्यावर तेरवीच्या आत त्याचा मोठा फोटो तयार करून देणे हे माझे बारमाही काम आहे. लोक जे फोटो घेऊन येतात ते बहुधा एकुलते एक असतात. कुणाकडे जुन्या ओळखपत्रावरचा शिक्का उमटलेला फोटो असतो, कुणाकडे लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा असतो, तर कुणाचा फोटो पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या कागदांखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेला असतो. कवेलूतून गळलेले पाणी आणि वाळवी यांनी त्यातला नेमका चेहरा खाल्लेला असतो. गाल, कपाळ, केस, लुगड्याचा काठ हे सगळे थोड्या सरावाने पुन्हा उभे करता येते. अडचण डोळ्यांशी येते, आणि ती एकदा सुटली म्हणून कायमची सुटत नाही, दर नव्या फोटोबरोबर ती पुन्हा समोर उभी राहते.

एकदा एका मुलाने आपल्या आईचा तयार फोटो बराच वेळ न्याहाळला आणि तो म्हणाला, "डोये तं बसवले जी तुमी, पन माय पाहून नाही राह्यली." त्याच्या या एका वाक्यात संपूर्ण तक्रार आली होती. डोळ्यांचा आकार बरोबर होता, ते योग्य जागी होते, बुबुळावर, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत गोलावर, मी दोन तास खर्च करून बारीक रेषा काढल्या होत्या, आणि तरीही फोटोतली बाई कुणाकडेच पाहत नव्हती. तेव्हापासून या बिघाडाची कारणे मी एक एक करून शोधत आलो आहे, आणि ज्यांना हीच अडचण येते त्यांच्यासाठी ती येथे मांडतो आहे. मी फोटोशॉपवर काम करतो, परंतु यात सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट जिम्प या मोफत प्रोग्राममध्येही करता येते, कारण लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) आणि मल्टिप्लाय (गडद करणारा), स्क्रीन (उजळणारा), ओव्हरले (दोन्ही करणारा) हे थरांच्या मिश्रणाचे प्रकार दोन्हीकडे आहेत.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवावे

डोळा निर्जीव दिसला की आपण सर्वप्रथम बुबुळाकडे वळतो, त्याला आणखी रेषा देतो, आणखी चमक देतो, आणि तासाभराने डोळा पूर्वीपेक्षाही काचेचा दिसू लागतो. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा दोष बुबुळात नसतोच. म्हणून मी आता एक साधी चाचणी करतो. बुबुळाचे सगळे लेयर बंद करावेत, त्या जागी एकाच गडद तपकिरी रंगाचा, किंवा फोटो कृष्णधवल असेल तर गडद राखाडी रंगाचा, सपाट गोल ठेवावा, आणि फोटो पडद्यावर तळहाताएवढा लहान करून चार पावले मागे जाऊन पाहावे. त्या सपाट गोलातही माणूस आपल्याकडे पाहतो आहे असे वाटले, तर पापण्या, पांढरा भाग आणि सावल्या ठीक आहेत आणि दोष खरोखरच बुबुळात आहे असे समजावे. तसे वाटले नाही, तर बुबुळावर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग होणार नाही, कारण नजर हरवली आहे ती बुबुळाच्या बाहेर कुठेतरी.

या चाचणीमागचे कारण आकड्यांत पाहिले तर लगेच पटते. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोत डोके साधारण २५ मिलिमीटर उंच असेल, तर बुबुळ जेमतेम सव्वा मिलिमीटरचे येते, आणि ६०० पिक्सेल प्रति इंचाने स्कॅन केल्यावर त्याच्या वाट्याला सुमारे ३० पिक्सेल येतात. हाच फोटो १२ बाय १५ इंचांच्या चौकटीसाठी ३०० पिक्सेल प्रति इंचाने तयार करायचा म्हटले, की तेच बुबुळ सुमारे १३० पिक्सेलचे व्हावे लागते. स्कॅन १२०० वर केल्यास पिक्सेल दुप्पट होतात, पण कागदावर जो तपशील नाही तो स्कॅनरलाही सापडत नाही. म्हणजे मूळ फोटोने बुबुळाबद्दल आपल्याला फार थोडे सांगितलेले असते. पापणीची वळणे, तिची घडी आणि तिची सावली यांबद्दल मात्र बरेच काही सांगितलेले असते. ओळख तिथे आहे. घरचे लोक आपल्या माणसाला ओळखतात ते पापणीच्या उतारावरून, कारण बुबुळे आपल्याकडे बहुतेकांची गडद तपकिरीच असतात.

वरच्या पापणीची सावली

माझ्या दुकानात डोळे निर्जीव होण्याचे सर्वांत मोठे कारण हे निघाले. वरची पापणी ही जाडी असलेली वस्तू आहे. तिची कड सुमारे २ मिलिमीटर जाड असते, तिच्यावर केस असतात, आणि प्रकाश बहुतेक वेळा वरून येत असल्यामुळे तिची सावली डोळ्याच्या गोलावर पडते. ही सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते, तशीच दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भागावरही पडते, आणि गोलाच्या वळणाबरोबर खाली वाकते. ती नसेल तर डोळा पापणीच्या मागे बसलेला न दिसता पापणीच्या शेजारी चिकटवलेला दिसतो, जसा पोळ्याच्या मातीच्या बैलाला रंगवलेला डोळा दिसतो.

उपाय असा आहे. डोळ्याच्या संपूर्ण दिसणाऱ्या भागावर एक नवा लेयर घ्यावा, त्याचा प्रकार मल्टिप्लाय ठेवावा आणि मास्क लावून तो पापण्यांच्या आतच राहील असे पाहावे. रंग काळा घेऊ नये. पापणीच्या घडीतला गडद रंग उचलून घ्यावा. मऊ कडांच्या ब्रशने, १० ते १५ टक्के जोराने, तीन-चार हलक्या फेऱ्यांत पापणीच्या कडेलगत सर्वांत गडद आणि खाली येता येता विरत जाणारी सावली काढावी. उघड्या डोळ्याच्या उंचीचा साधारण वरचा पाव भाग तिने व्यापला की पुरे होते, मात्र ओसरीत किंवा कडुनिंबाखाली काढलेल्या फोटोत ती अधिक खोल असते आणि समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत जवळपास नसते. मूळ फोटोत हनुवटीखालची आणि नाकाखालची सावली किती गडद आहे ते पाहून त्याच प्रमाणात ती ठेवावी.

याच ठिकाणी बुबुळ किती झाकायचे तेही तपासावे. सहजपणे समोर पाहणाऱ्या मोठ्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा वरचा १ ते २ मिलिमीटर भाग झाकते आणि खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकते. बुबुळाची आडवी रुंदी सुमारे १२ मिलिमीटर असते हे धरले, तर वरचा बारावा ते सहावा हिस्सा दिसता कामा नये. पूर्ण गोल बुबुळ रंगवून ते उघडे ठेवले, की माणूस भेदरलेला दिसतो, आणि बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसली तर तो घाबरून ओरडण्याच्या बेतात आहे असे वाटते. वृद्ध माणसांत पापणी सैल होऊन आणखी खाली येते. शेतात जन्मभर उन्हात राबलेल्या माणसांची तर डोळे बारीक करून पाहण्याची सवय चेहऱ्यावर कोरलेली असते. चंद्रपूर, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि ते ऊन ज्याने पन्नास वर्षे सोसले त्याचे डोळे फोटोत मोठे आणि टपोरे करणे म्हणजे त्याच्या जागी दुसरा माणूस बसवणे होय.

पांढरा भाग पांढरा नसतो

नव्याने शिकणारी मुले डॉज टूल घेऊन डोळ्याचा पांढरा भाग उजळतात, आणि ही सवय मोडायला फार वेळ लागतो. संगणकावर कृष्णधवल फोटोत पूर्ण काळ्याचे मूल्य ० आणि पूर्ण पांढऱ्याचे २५५ असते. माझ्या कामात चेहऱ्याच्या उजेडातल्या कातडीचे मूल्य १५० च्या आसपास असेल, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागाचे सर्वांत उजळ ठिकाणही मी १८० च्या पुढे नेत नाही, आणि सावलीतला भाग तर अनेकदा गालापेक्षाही गडद ठेवतो. डोळा हा चेंडूसारखा गोल आहे, त्यामुळे त्याचा पांढरा भाग मध्याकडे उजळ आणि दोन्ही कोपऱ्यांकडे अंधारत जातो. एकाच छटेचा पांढरा भरला की तो चेंडू सपाट होतो.

रंगीत फोटोत आणखी एक काळजी घ्यावी लागते. हा भाग तरुण माणसात किंचित निळसर राखाडी, म्हाताऱ्या माणसात पिवळसर आणि नाकाकडच्या कोपऱ्यात लालसर असतो. त्या कोपऱ्यातला छोटा मांसल उंचवटा रंगवायचा राहून गेला, तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण डोळा त्याला परका वाटतो. तसेच खालच्या पापणीची कड वरून दिसते, तिला स्वतःची रुंदी असते आणि ती ओली असते. पांढरा भाग आणि खालच्या पापणीचे केस यांच्यामध्ये एक फिकट, किंचित गुलाबी पट्टी ठेवावी, आणि तिच्या आतल्या काठावर पाण्याची अगदी बारीक, मध्येच तुटणारी उजळ रेघ ओढावी. ही रेघ सलग ओढली तर डोळे पाणावलेले दिसतात. तेरवीच्या फोटोत तसे मुळीच दिसू नये.

चमक: कापसाच्या ढिगाची गोष्ट

वर ज्या मुलाचे वाक्य सांगितले, त्याच्या आईचा मूळ फोटो घरासमोरच्या अंगणात काढलेला होता. ती बाई कापसाच्या ढिगाशेजारी बसली होती, आणि ओलाव्याने तिच्या डाव्या डोळ्यासह गालाचा भाग पूर्ण गेलेला होता. मी दोन्ही डोळ्यांत वरच्या बाजूला एक एक गोल पांढरा ठिपका ठेवला होता, कारण मी सगळ्याच फोटोंत तो तसाच ठेवत असे. तक्रारीनंतर मी उरलेला डोळा मोठा करून नीट पाहिला. त्यात वर ठिपका नव्हताच. कपाळाची आणि पदराची सावली वरून आलेली होती, आणि बुबुळाच्या खालच्या भागात एक रुंद, मंद, वर वाकलेली उजळ कोर होती. ती कोर म्हणजे तिच्या पुढ्यातल्या पांढऱ्याशुभ्र कापसाचे प्रतिबिंब होते. वेचून आणलेल्या कापसावर पडलेले ऊन खालून तिच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांत परतत होते, हनुवटीखालीही त्याचाच उजेड होता, आणि मी तिच्या डोळ्यांत कुठल्यातरी स्टुडिओतला दिवा लावून ठेवला होता. दोन्ही ठिपके पुसले, खालची कोर डाव्या डोळ्यात तशीच काढली, वरची सावली थोडी वाढवली, आणि बुबुळाला हातही न लावता नजर परत आली.

डोळ्यातली चमक ही सजावट नव्हे. बुबुळाच्या पुढे पारपटल नावाचा पारदर्शक, फुगीर पडदा असतो, त्याच्यावर अश्रूंचा ओला थर असतो, आणि हा सगळा भाग बहिर्वक्र आरशासारखा वागतो. समोर जे उजळ असेल त्याचे लहान प्रतिबिंब त्यात पडते. खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या डोळ्यात चौकोन दिसतो, स्टुडिओतल्या छत्रीच्या दिव्याने गोल दिसतो, उघड्या उन्हात सूर्याचा अगदी बारीक, टोकदार बिंदू दिसतो, आणि दाराशी उभ्या माणसाच्या डोळ्यात दाराबाहेरच्या आभाळाचा उभा पट्टा दिसतो. म्हणून चमक काढण्यापूर्वी नाकाची, हनुवटीची आणि गळ्याची सावली पाहून प्रकाश कुठून येत होता ते ठरवावे आणि त्यानुसारच तिचा आकार, जागा व तीव्रता ठेवावी.

यात नेहमी होणाऱ्या चुकांपैकी एक म्हणजे दोन डोळ्यांतली चमक आरशासारखी समोरासमोर ठेवणे. प्रकाश एकाच दिशेने येतो, त्यामुळे डाव्या डोळ्यात तो बुबुळाच्या डावीकडे वर असेल तर उजव्या डोळ्यातही तो डावीकडे वरच असतो. दुसरी चूक म्हणजे चमक फक्त बुबुळाच्या रंगावर ठेवून मध्यातल्या काळ्या बाहुलीला ती टाळणे. प्रतिबिंब सर्वांच्या पुढच्या पडद्यावर असते, त्यामुळे ते बाहुली आणि बुबुळ यांच्या सीमेची पर्वा न करता दोहोंवर पसरते. तिसरी चूक म्हणजे चमक पूर्ण पांढरी आणि धारदार करणे. जुन्या फोटोत बाकी सगळे मऊ असताना ती एकटीच टोकदार असली की डोळा काचेच्या गोटीसारखा दिसतो.

बुबुळ आणि बाहुली

सपाट गोलाच्या चाचणीत नजर आली आणि बुबुळ भरल्यावर गेली, तरच येथे यावे. शिकवणीच्या व्हिडिओंत सहसा निळे किंवा हिरवे डोळे घेतलेले असतात. त्यांत फायबर्स फिल्टरने उभ्या रेषा तयार करतात, मग पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टरने त्यांचा गोल करतात, आणि मध्यातून बाहेर जाणाऱ्या सुंदर तंतूंचे बुबुळ तयार होते. ही पद्धत निळ्या डोळ्यासाठी चांगली आहे, कारण निळ्या बुबुळात मेलॅनिन हे रंगद्रव्य फार कमी असते आणि आतले तंतू उघडे दिसतात. आपल्या लोकांच्या तपकिरी बुबुळात तेच रंगद्रव्य पुढच्या थरात दाट असते आणि ते तंतूंना झाकून टाकते. त्या जागी पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो, बाहुलीभोवती एक किंचित फिकट, वेडेवाकडे वलय असते, अधूनमधून लहान खळगे असतात, आणि बाहेरच्या कडेजवळ वर्तुळाकार पुसट सुरकुत्या असतात. निळ्या डोळ्याचे तंतू तपकिरी रंगात रंगवले तर डोळा मांजराचा वाटतो.

मला हे पुस्तकातून कळले नाही. एका सकाळी मी माझ्या आईला दाराच्या उजेडात बसवले आणि तिच्या डोळ्याचा अगदी जवळून फोटो घेतला. साध्या नजरेला तिचे डोळे काळे दिसतात. फोटो चौपट मोठा करून पाहिला तेव्हा दाराच्या बाजूने येणारा उजेड बुबुळाच्या त्याच बाजूला नव्हे, तर समोरच्या खालच्या बाजूला साठलेला दिसला, आणि तिथला तपकिरी रंग काकवीसारखा उजळला होता. पारपटलातून आत शिरताना प्रकाश वाकतो आणि पलीकडच्या अर्ध्या बुबुळावर पडतो, म्हणून असे होते. तेव्हापासून मी चमक वर डावीकडे असेल तर बुबुळाचा खालचा उजवा भाग स्क्रीन किंवा सॉफ्ट लाइट लेयरने थोडासा उजळतो. डोळ्याला खोली मिळते ती या उजळलेल्या अर्धचंद्रामुळे, आणि तिच्यासाठी एकही रेषा काढावी लागत नाही. त्याच फोटोत बुबुळाची बाहेरची कड पांढऱ्या भागात हळूच मिसळलेली दिसली. कंपासने ओढल्यासारखी कड ठेवली तर बुबुळ चिकटवलेले दिसते, म्हणून तिला मूळ फोटोच्या मऊपणाइतका गॉसियन ब्लर (कडा धूसर करणारा फिल्टर) द्यावा.

बाहुलीच्या आकाराबद्दल थोडक्यात सांगतो. उजेडात तिचा व्यास २ ते ४ मिलिमीटर असतो, अंधारात ती ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होऊ शकते. दिवसा अंगणात काढलेल्या फोटोत ती बुबुळाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी ठेवू नये. आणि जुन्या कृष्णधवल फोटोत बाहुली व गडद बुबुळ यांच्यात फरकच दिसत नसेल, तर तो फरक मुद्दाम तयार करू नये. मूळ फोटोत दोन्ही एक होऊन गेलेले असतील, तर आपल्या कामातही ते तसेच राहू द्यावेत.

चांगला डोळा उलटवून दुसरीकडे लावल्यावर

एक डोळा शाबूत आणि एक नष्ट झालेला असेल, तर चांगला डोळा उचलून आडवा उलटवणे हाच व्यवहार्य मार्ग असतो, आणि मीही तो वापरतो. परंतु उलटवलेला डोळा जसाच्या तसा ठेवल्यास चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. चमक चुकीच्या बाजूला जाते, बुबुळातला उजळ भाग चुकीच्या बाजूला जातो, आणि समोर न पाहता किंचित बाजूला पाहणाऱ्या माणसाचे दोन्ही डोळे नाकाकडे किंवा दोन्ही कानांकडे वळतात. म्हणून उलटवताना पापण्या व कातडी एका लेयरवर आणि डोळ्याचा गोल वेगळ्या लेयरवर घ्यावा. कातडी उलटवावी, बुबुळ मात्र न उलटवता तसेच आणून बसवावे. त्यानंतर चेहरा थोडा वळलेला असेल तर दूरचा डोळा किंचित अरुंद करावा, आणि पापणीची घडी व भुवई वॉर्प या आकार वाकवणाऱ्या साधनाने थोडी बदलावी, कारण कुणाचेच दोन डोळे सारखे नसतात.

बुबुळांची जागा तपासण्यासाठी संपूर्ण फोटो आडवा उलटवून पाहावा. तिरळेपणा सुलट फोटोत जो डोळ्यांना सवयीने दिसेनासा होतो, तो उलट्या फोटोत ताबडतोब दिसतो. एखाद्या माणसाची नजर मुळातच थोडी तिरपी असू शकते हेही लक्षात ठेवावे. शंका आली तर घरच्यांना विचारावे आणि ते सांगतील तसेच ठेवावे.

आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साधनांचा परिणाम

अलीकडे मोबाइलवरही चेहरा आपोआप स्वच्छ करून देणारी साधने आली आहेत, आणि गिऱ्हाईक कित्येकदा तसा फोटो करूनच दुकानात येते. ही साधने असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेली असतात, आणि ३० पिक्सेलच्या बुबुळातून १३० पिक्सेलचे बुबुळ तयार करताना जे मूळ फोटोत नाही ते त्या शिकलेल्या चेहऱ्यांतून भरतात. परिणामी डोळा अतिशय स्वच्छ येतो, पण पापण्या उचललेल्या, बुबुळ फिकट आणि चमक ठरावीक साच्याची येते. मी अशा साधनांचा उपयोग पूर्णपणे टाळत नाही. त्यांचा निकाल वेगळ्या लेयरवर ठेवून, कपाळ व गाल यांच्यासाठी त्यांची मदत घेतो आणि डोळ्यांभोवती मास्क करून मूळ फोटो परत आणतो. मूळ डोळा धूसर असला तरी त्याच माणसाचा असतो.

वयाच्या खुणांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. पुष्कळ वृद्धांच्या बुबुळाच्या कडेला राखाडी पांढरट कडे आलेले असते. उन्हा-धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या काही लोकांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळाकडे वाढणारा मांसल पापुद्रा असतो. मोतीबिंदू पिकलेला असेल तर बाहुली काळी न दिसता पांढुरकी दिसते. आपोआप दुरुस्ती यांना डाग समजून पुसते, आणि आपला हातही नकळत तिकडे जातो. मी यातले काहीही विचारल्याशिवाय पुसत नाही. एका घरी आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू तसाच ठेवायला सांगितले, कारण नातवंडांनी तिला तशीच पाहिली होती. दुसऱ्या घरी आजोबांचा काढायला सांगितला, कारण शस्त्रक्रियेनंतर शेवटची वर्षे त्यांना स्वच्छ दिसत होते. दोघांचेही म्हणणे योग्य होते.

दाणा, प्रिंट आणि शेवटची तपासणी

सगळे जमूनही डोळा वेगळा उठून दिसत असेल, तर बहुधा दाण्याचा, म्हणजे फोटोतल्या बारीक खरखरीतपणाचा, फरक असतो. जुन्या फोटोच्या कातडीवर बारीक दाणा असतो आणि आपण रंगवलेला डोळा गुळगुळीत असतो. सर्वांत वर ५० टक्के राखाडी रंगाने भरलेला ओव्हरले लेयर घेऊन त्यावर एकरंगी नॉइज (कृत्रिम दाणा) ३ ते ४ टक्के द्यावा, त्याला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर द्यावा आणि मास्कने तो फक्त नव्या भागावर ठेवावा. गालावरचा दाणा आणि डोळ्यातला दाणा १०० टक्के आकारात सारखा दिसला की थांबावे.

प्रिंटमध्ये सावल्या पडद्यापेक्षा गडद येतात, आणि मॅट लॅमिनेशन केल्यावर पापणीची सावली, बाहुली व बुबुळ मिळून एकच काळा डाग होण्याची भीती असते. यासाठी मोठा प्रिंट काढण्याआधी फक्त दोन्ही डोळ्यांची पट्टी, अंतिम आकारात, त्याच कागदावर छापून पाहावी. आमच्याकडे वीज जाण्याच्या वेळा सांभाळून काम करावे लागते, तरीही ही पट्टी मी टाळत नाही. ती पट्टी भिंतीवर, चौकट लागेल त्या उंचीवर चिकटवतो आणि दारात उभा राहून पाहतो. बुबुळाचा खालचा भाग तिथून वेगळा दिसला नाही, तर कर्व्ह्ज या उजेड-अंधार बदलणाऱ्या साधनाने केवळ डोळ्यांच्या सावल्या थोड्या उचलून पुन्हा एक पट्टी काढतो, आणि ती दारातून पाहत असताना समोरचे माणूस आपल्याकडे पाहत असेल तेव्हाच मोठ्या प्रिंटला हात घालतो.